त्रेसष्ट नंबरचा खिळा

त्याला पहिल्यांदा पाहण्याआधी तिने त्याला दीड तास शोधलं होतं.

तसं बघायला गेलं तर दीड तास म्हणजे काहीच नाही. काही मुलींचं अर्धं तारुण्य या शोधात जातं आणि हाती लागतो तो भलताच. पण तिचा शोध खराखुरा होता. हातात बॅटरी, पायात अर्धवट अडकवलेल्या चपला, आणि धान्यकोठारापासून बुरुजापर्यंत हाका: "त्रेसष्ट नंबर... अहो, त्रेसष्ट नंबर..."

नदीच्या वळणावर, टेकडीच्या माथ्यावर तो किल्ला चारशे वर्षं उभा होता, आणि त्याच्या दारातल्या खिडकीत ती सहा वर्षं बसत होती. हुद्दा 'प्रवेश नियंत्रण सहायक'. लोक तिला टोकनवाली म्हणत. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तिकिटाबरोबर ती एक पितळी बिल्ला द्यायची. बिल्ल्यावर नंबर. बाहेर पडताना तो परत घ्यायचा आणि पाठीमागच्या लाकडी फळीवर त्याच नंबराच्या खिळ्याला अडकवायचा. दोनशे खिळे, दोनशे बिल्ले. संध्याकाळी सहाला फळी भरलेली दिसली की किल्ला रिकामा झाला असं समजायचं, आणि मगच दाराला कुलूप.

या नियमाला इतिहास होता. कधीकाळी एक पर्यटक धान्यकोठारात डुलकी काढायला आडवा झाला आणि रात्रभर आतच राहिला. सकाळी तो अगदी ताजातवाना बाहेर आला; पण त्यावरून जी चौकशी बसली ती तीन वर्षं उठली नाही. त्या चौकशीतून बिल्ले निघाले, फळी निघाली आणि 'हरवलेली व्यक्ती' नावाचा एक फॉर्म निघाला. तो तीन प्रतींत भरायचा असे.

त्या संध्याकाळी एकशे नव्व्याण्णव खिळे भरले होते आणि त्रेसष्ट नंबरचा खिळा रिकामा होता.

पहारेकरी काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिच्या मागे मागे हिंडले. काकांकडे सव्वीस किल्ल्या आणि दोन गुडघे होते, आणि तक्रार फक्त गुडघ्यांची असायची. व्यवस्थापक साहेब दारात फॉर्म घेऊन उभे राहिले. साहेबांना मागे सगळे 'किल्लेदार' म्हणत. त्यांना उंचीची भीती होती. सात वर्षांत ते बुरुजावर एकदाही चढले नव्हते. बुरुजावरून नदी कशी दिसते हे त्यांनी माहितीपत्रकात वाचलं होतं, आणि ते माहितीपत्रक त्यांनीच लिहिलं होतं.

"वर्णन?" किल्लेदारांनी विचारलं होतं.

ती आठवायला लागली. दिवसाला दीडशे माणसं खिडकीसमोरून जातात. "मध्यम," ती म्हणाली.

"मध्यम काय? उंची की बांधा?"

"सगळंच."

किल्लेदारांनी 'मध्यम' लिहिलं. शोध थांबवला. काका दारातच पथारी टाकून झोपले, कारण आत माणूस असताना कुलूप लावायचं नाही, असा नियम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता खिडकीत एक तळहात आला. तळहातावर बिल्ला.

"हा काल माझ्या खिशात राहिला," तळहाताचा मालक म्हणाला.

तिने वर पाहिलं. खांद्याला लांबुडकी पिशवी, त्यातून तिपाईचे पाय डोकावत होते. डाव्या भुवईवर एक जुना व्रण. चेहऱ्यावर अपराधी भाव, पण प्रमाणात.

"काल तुम्ही हरवला होतात," ती म्हणाली.

"मी? मी तर खोलीवर होतो. जेवलो. झोपलो."

"आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही अजून आत आहात."

"मग इथे बाहेर उभा आहे तो कोण?"

"तेच ठरवायचंय. इथे सही करा. शेजारी फोन नंबर लिहा."

त्याने फॉर्म हातात घेतला आणि मन लावून वाचला. फार थोडी माणसं फॉर्म वाचतात. "वर्णनाच्या रकान्यात नुसतं 'मध्यम' लिहिलंय."

"लक्षात राहण्यासारखं काही असलं की राहतं माझ्या."

"आणि आता राहीन का?"

"आता बरेच दिवस राहाल. माझ्या नाही, काकांच्या गुडघ्यांच्या."

तो हसला नाही. सरळ काकांकडे गेला, काहीतरी बोलला आणि परत आला. "काका म्हणाले, डाव्या गुडघ्याने माफ केलंय. उजवा विचार करतोय."

तिने मान खाली घालून पावती फाडली. मान खाली घालायचं कारण पावती नव्हतं.

* * *

नद्यांच्या पाण्याची उंची मोजणं हे त्याचं काम. खाली नदीवर पूल व्हायचा होता, आणि पूल किती उंच बांधावा हे कळायला जुने पूर किती उंच चढले होते हे कळायला हवं होतं. ते किल्ल्याला माहीत होतं. किल्ल्याच्या पोटातून नदीकडे उतरणारा दोनशे चौदा पायऱ्यांचा एक जिना होता, आणि त्याच्या भिंतीवर दर मोठ्या पुरानंतर कोणीतरी छिन्नीने रेघ मारून ठेवली होती. त्या रेघा मोजायला त्याला अठरा दिवस दिले होते.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की त्याला रोज त्रेसष्ट नंबरचाच बिल्ला जातोय.

"आज पण त्रेसष्ट?" बिल्ला घेताना त्याने भुवया उंचावल्या. "काय योगायोग आहे बघा."

"सलग चौथ्यांदा?"

"नदीच्या बाबतीत एखादी गोष्ट तीनदा झाली की आम्ही तिला योगायोग म्हणत नाही. नोंद म्हणतो."

"साडेनऊपासून त्या कठड्यावर बसून तुम्ही आत जाणारी माणसं मोजता. इथून दिसतं."

"सकाळी जिन्यात सावली असते. रेघा दिसत नाहीत. अकराला ऊन आत शिरतं," तो म्हणाला. मग थोडं थांबून — "आणि साधारण अकरालाच तुमचा बासष्टावा माणूस आत जातो. आता याला मी काय करणार..."

त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाई खाकरल्या. त्या चौसष्ट होत्या.

घरी जेवताना तिने ही हकीकत आईला सांगितली. म्हणजे तिच्या मते तक्रार केली. आई गणिताची निवृत्त शिक्षिका. निवृत्तीनंतर तिच्यापुढे एकच न सुटलेलं गणित उरलं होतं आणि ते रोज समोर बसून जेवायचं.

"तर मग हा त्रेसष्ट स्वभावाने कसा आहे?" आईने विचारलं.

"आई, तो नंबर आहे."

"मी पण नंबराबद्दलच बोलतेय. छत्तीसच्या आकड्यात दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. त्रेसष्टमध्ये तोंडाला तोंड असतं. मी नुसतं निरीक्षण सांगितलं. भाजी घे."

तिने भाजी घेतली. निरीक्षणही घेतलं, पण तसं दाखवलं नाही.

दाखवायची तिला सवय राहिली नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न रीतसर ठरलं होतं आणि तितकंच रीतसर मोडलंही होतं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्या मुलाने तिच्या सगळ्या वस्तू परत पाठवल्या. चार पुस्तकं, एक पेन, एक मफलर. मफलरची घडी इतकी सुरेख होती की दुकानदारालाही जमली नसती. सोबत टाईप केलेली यादी, आणि यादीच्या खाली एक ओळ: 'कृपया पोच द्यावी.' तिने पोच दिली होती. तारखेसहित.

तेव्हापासून तिचं असं झालं होतं की नीट वागणाऱ्या माणसांची तिला धास्ती वाटायची. आणि नोकरी अशी, की दिवसभर लोक येणार, सहाच्या आत घेतलेलं परत करणार आणि 'छान आहे हं किल्ला' असं म्हणून निघून जाणार. सहा वर्षांत एकट्या त्रेसष्टने काहीतरी परत करायचं विसरून दाखवलं होतं.

* * *

नवव्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं. पाऊस म्हणावा असा नाही, नुसती भुरभुर. पलीकडचा काठ दिसेनासा झाला आणि नदी एका बाजूने उघडीच राहिली. दुपारी दोनपर्यंत एकेचाळीस माणसं आली. तो दाराच्या कमानीखाली उभा होता. केसांवर बारीक थेंब, पिशवीवर प्लॅस्टिक, स्वतःवर काही नाही.

"आज ऊन नाहीये," ती खिडकीतून म्हणाली.

"नाहीये."

"म्हणजे रेघा दिसणार नाहीत."

"नाही दिसणार."

"मग आलात कशाला?"

त्याने नदीकडे पाहिलं, मग फळीकडे, मग तिच्याकडे. "माझा नंबर यायचाय अजून..."

बिल्ले क्रमाने द्यायचे, असा नियम होता. बेचाळीसचा बिल्ला तिच्या बोटाशी होता. तिने हात थोडा पुढे नेला आणि त्रेसष्ट काढून त्याच्यासमोर ठेवला. काका त्या वेळी आभाळाकडे बघत होते. आभाळात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"काका, अर्धा तास खिडकीत बसाल?" तिने विचारलं.

"बसतो की. गुडघ्यांना तेवढंच बरं," काका म्हणाले, अजूनही वरच बघत.

सहा वर्षांत ती त्या जिन्याने मोजून चार वेळा उतरली होती, चारही वेळा आत रेंगाळलेल्या कोणाला तरी शोधायला. तो पुढे चालला होता. पायऱ्या मोजत होता. आवाज नाही, नुसते ओठ हलत होते. खालून पाण्याचा थंड वास येत होता. शेवाळाचा, ओल्या दगडाचा.

"तुम्ही तर म्हणालात रेघा दिसत नाहीत."

"हाताला लागतात. हात द्या —" तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन पटकन स्वतःचाच हात भिंतीवर ठेवला. "म्हणजे... इथे ठेवा. तुमचा तुम्हीच."

तिने ठेवला. दगडात बोटभर रुंदीची खाच होती, काठ गुळगुळीत झालेले. ती जिथे उभी होती तिथून नदी पन्नास पायऱ्या खाली होती. एवढं पाणी... तिने नकळत श्वास रोखून धरला.

"ही सगळ्यात मोठी. अशा चौदा आहेत. चौदा पूर," तो म्हणाला. "आणि एक पंधरावी आहे, तिचं काय करायचं ते मला कळत नाहीये."

पंधरावी रेघ तळाशी होती, शेवटून तिसऱ्या पायरीवर, पाण्याच्या जेमतेम वर.

"ही पुराची नाही," तो म्हणाला. "एवढं पाणी असतंच. वर्षातले दोनशे दिवस असतं. साध्या दिवसाची रेघ आहे ही. पण बघा, बाकीच्यांपेक्षा खोल मारलीय. कोणीतरी चांगला दिवसभर बसून मारलेली."

"कशासाठी?"

"माझ्या अहवालात त्याला रकाना नाही."

ती खाली वाकली. बोट रेघेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. खरंच खोल होती. बोटाचं पेर आत जात होतं. "त्या दिवशी पाणी चढलं नसेल," ती म्हणाली, "पण काहीतरी झालं असेल की."

भुरभुर पाण्यावर पडत होती, पण तिचा आवाज नव्हता. दोघांमध्ये एका पायरीचं अंतर होतं आणि ती पायरी दोघेही मोठ्या आदराने रिकामी ठेवत होते.

"तुम्ही किती नद्या मोजल्यात?" तिने विचारलं.

"अकरा वर्षांत एकोणीस. मोजून झाली की निघायचं."

"इथूनही सगळे निघतातच. सहाच्या आत."

"हो..." त्याने एक बारका खडा उचलला आणि पाण्यात न टाकता तसाच हातात ठेवला. "पूल बांधायला दोन वर्षं लागतील. तेवढा काळ इथे एक माणूस कायमचा ठेवायचाय, रोज पाणी बघायला."

"कोणाला ठेवणार?"

"अजून ठरलं नाही."

आता, इथे कोणत्याही शहाण्या माणसाने पुढचा प्रश्न विचारला असता. तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण तिला वाटलं, त्याच्या मनात असेल तर तो सांगेल. त्याला वाटलं, तिच्या मनात असेल तर ती विचारेल. दोघेही सुशिक्षित असल्याने कोणीच काही बोललं नाही.

"अर्धा तास झाला," ती म्हणाली.

"झाला," तो म्हणाला, आणि दोनशे चौदा पायऱ्या पुन्हा मोजायला लागला.

* * *

अठराव्या दिवशी संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना तो खिडकीशी आला. पिशवी बांधलेली. बूट पुसलेले. पायथ्याहून सव्वासहाची बस होती, आणि पुढे रेल्वे.

"हा घ्या," त्याने बिल्ला तिच्या हातात दिला. "बघा, आज विसरलो नाही."

बिल्ला त्याच्या खिशात राहून कोमट झाला होता.

"धन्यवाद," ती म्हणाली.

तो थांबला. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, जणू तिथेही रेघ असावी. "फळीवर लावा... म्हणजे नोंद पूर्ण होईल."

"लावते."

"काकांना सांगितलंय मी. उजव्या गुडघ्यानेही माफ केलं म्हणाले."

"बरं झालं."

"हो. बरं झालं," तो म्हणाला, आणि निघाला. काका त्याची तिपाई घेऊन वळणापर्यंत गेले.

ती फळीसमोर उभी राहिली. एकशे नव्व्याण्णव बिल्ले उतरत्या उन्हात चकाकत होते. मध्ये एक खिळा. तिने हात वर केला. बिल्ल्याचं भोक खिळ्याच्या टोकाशी नेलं.

वस्तू परत मिळाली होती, चांगल्या स्थितीत, वेळेच्या दहा मिनिटं आधी, आभारासहित. फक्त यादी जोडायची राहिली होती.

पोच तिने एकदा दिली होती.

हात खाली आला आणि त्याची मूठ झाली.

काका जुडगा वाजवत आले. "भरली फळी?"

"नाही."

सहा वर्षांत ती कामावर पहिल्यांदाच खोटं बोलत होती, आणि तेही पुरतं जमलं नव्हतं. फळी खरंच भरलेली नव्हती.

"कोण राहिलं?"

"त्रेसष्ट."

काकांनी फळीकडे पाहिलं. ज्या रस्त्याने ते आत्ता तिपाई पोचवून आले होते त्या रस्त्याकडे पाहिलं. मग तिच्या उजव्या मुठीकडे पाहिलं. बोटांची टोकं पांढरी पडली होती. त्यांची एकतीस वर्षांची नोकरी झाली होती.

"असं म्हणतेस," काका म्हणाले. "मग पोरी, नियमाप्रमाणे शोधायला हवं. साहेबांना बोलावतो."

किल्लेदार फॉर्म घेऊनच बाहेर आले. फॉर्म म्हटला की ते चपळ होत. "पुन्हा त्रेसष्ट? काय माणूस आहे हा. वर्णन?"

ती समोर बघत होती. समोर फक्त रस्ता होता.

"उंची पाच फूट नऊ," ती म्हणाली. "डाव्या भुवईवर व्रण, लहानपणी होडीतून पडला तेव्हाचा. पायऱ्या उतरताना ओठ हलतात, मोजत असतो. उजव्या खिशाला भोक आहे म्हणून सगळं डाव्या खिशात ठेवतो आणि मग सापडत नाही. हसू आलं की आधी दुसरीकडे बघतो. फॉर्म पूर्ण वाचतो. पावसात पिशवीवर प्लॅस्टिक घालतो, स्वतः भिजतो. कोणाचे गुडघे दुखत असले तर..."

"थांबा, थांबा," किल्लेदार म्हणाले. त्यांचं लिखाण समासात शिरलं होतं. "रकाना पुरत नाहीये. मागच्या वेळी तुम्ही 'मध्यम' म्हणाला होतात."

"तेव्हा नीट बघितलं नव्हतं."

"काखेत कळसा..." काका पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही साहेब. गुडघा म्हणालो."

जुन्या फॉर्मवरचा नंबर काढून किल्लेदारांनी स्वतः फोन लावला. अशा वेळी ते जबाबदारी कोणावर टाकत नसत.

"आपण किल्ल्यात आहात का?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"बसमध्ये बसला असाल, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्या नोंदीप्रमाणे आपण आत आहात... बिल्ला आलेला नाही... हो, त्याच म्हणतायत. फळीसमोरच उभ्या आहेत." किल्लेदारांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. "हॅलो? हॅलो? आहात ना?"

मग फोन खाली ठेवत ते म्हणाले, "कमाल आहे. एवढा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, तसं असेल तर मला यावंच लागेल."

तो पंचवीस मिनिटांत आला. दिवस मोठे झाले होते. उजेड अजून होता. पूर्ण चढ पिशवीसकट धावत चढल्यावर माणूस जसा दिसतो तसा दिसत होता. खाली बस निघून गेल्याचा आवाज सगळ्यांनी दहा मिनिटांपूर्वीच ऐकला होता.

"बिल्ला कुठे आहे?" किल्लेदारांनी विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. मूठही नाही. त्याने डाव्या खिशात हात घातला आणि फार वेळ, फार प्रामाणिकपणे शोधलं.

"आतच कुठेतरी राहिला असणार," तो म्हणाला. "चूक माझीच आहे."

"आत कुठे?"

"खाली... नदीच्या पायऱ्यांवर. बहुतेक."

किल्लेदारांनी जिन्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकले. खाली उतरणं हीसुद्धा त्यांच्या मते उंचीच होती. काकांनी कोणी न विचारताच दोन्ही गुडघे धरले.

"मी जाते यांच्याबरोबर," ती म्हणाली.

* * *

दोनशे चौदा पायऱ्या. या वेळी तो मोजत नव्हता. तिने मुद्दाम त्याच्या ओठांकडे पाहिलं. शेवटून तिसऱ्या पायरीवर ती थांबली आणि मूठ उघडली. तळव्यावर त्रेसष्टचा शिक्का उमटला होता, उलटा.

"सापडला," तो म्हणाला.

"तुम्ही दिल्यापासून माझ्याकडेच आहे."

"माहीत आहे. मीच दिला होता."

"मग वर बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी गेली असती." तो दुसरीकडे बघायला लागला, म्हणजे हसू येत होतं. "आणि खरं सांगायचं तर, फोन आला तेव्हा मला इतका आनंद झाला की शेजारच्या आजोबांनी विचारलं, कोणाला मुलगा झाला का. मी म्हटलं, नाही आजोबा, मी हरवलोय."

ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी कसं आलं ते तिला कळलं नाही. तिने ते पुसलं नाही. तिथे एवढं पाणी होतं, थोडं आणखी.

"कोणी माझ्या वस्तू नीट परत केल्या की..." ती म्हणाली, "मला ते बघवत नाही. तुम्ही आज बूटसुद्धा पुसून आला होतात."

"मला वाटलं, निदान शेवटच्या दिवशी तरी बरं दिसावं."

"त्यापेक्षा हरवला होतात तेच बरं होतं."

खाली नदी आपल्या कामाला लागलेली होती. तिने बिल्ला पायरीवर ठेवला, दोघांच्या मधल्या त्या रिकाम्या पायरीवर, आणि नऊ दिवस ओठांवर अडकलेला प्रश्न विचारला.

"पुलाच्या कामाला माणूस ठरला?"

"उद्यापर्यंत कळवायचंय."

"कोणी?"

"मी." त्याने शर्टच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. कडा झिजल्या होत्या. "दहा दिवस खिशात घेऊन फिरतोय. हो लिहायचं की नाही लिहायचं, ते..."

"म्हणजे त्या दिवशी इथे बसून मला 'अजून ठरलं नाही' म्हणालात, तेव्हा..."

"खरंच ठरलं नव्हतं. कोणी विचारलंच नाही."

"मी आता विचारतेय," ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला, आणि त्यातला सगळा आदरार्थ गळून पडला. "राहशील?"

अकरा वर्षांची सवय. त्याने आधी पाण्याकडे पाहिलं. पाणी पंधराव्या रेघेला जेमतेम टेकलं होतं.

"आज पाणी किती आहे, बघ बरं," तो म्हणाला.

ती वाकली. रेघेत बोट ठेवलं. गार होतं. "नेहमीइतकंच."

"मग राहतो."

आणि तो तिच्या पायरीवर येऊन बसला. त्यासाठी त्याला बिल्ला उचलावा लागला. तो त्याने उजव्या खिशात टाकला, भोक असलेल्या. बिल्ला दगडावर पडून टणटण वाजत पायरीच्या कडेपर्यंत गेला आणि पाण्याच्या अलीकडे थांबला. कोणीच उठलं नाही.

वर दारात किल्लेदार जिन्यातून आवाज येतोय का ते सुरक्षित अंतरावरून ऐकत होते. "सापडला वाटतं. काहीतरी वाजलं."

"सापडला असता तर वर आले असते, साहेब," काका म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं, बुटांच्या नाड्या सैल केल्या, आणि पाय लांब केले.

किल्लेदारांनी घड्याळ पाहिलं, फॉर्म पाहिला. वर्णन समास ओलांडून पाठपोट झालं होतं. खाली एकच रकाना उरला होता: शोध संपल्याची वेळ.

"इथे काय लिहू?"

काकांनी हात पुढे करून फॉर्म घेतला, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि खिशात ठेवला.

"तो रिकामाच राहू दे," ते म्हणाले.